बरगडी मोडली, तरी १७ मिनिटं ४५ सेकंद

२४ जून २०१३, बोस्टनचं टीडी गार्डन. बर्फावरच्या हॉकीतल्या स्टॅन्ली कपच्या, म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेतला सहावा सामना. शिकागो ब्लॅकहॉक्स ३-२ असे पुढे होते, त्यामुळे बोस्टन ब्रुइन्सना हा सामना हरणं परवडणारं नव्हतं. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची पहाट झाली होती आणि हा खेळ बघायला जागे असणारे मराठी लोक बहुधा टोरोंटो नाहीतर न्यू जर्सीतच असतील. ब्रुइन्सचा सेंटर, म्हणजे आक्रमणातला मधला खेळाडू, पत्रीस बर्जेरॉन याला दोनच दिवसांपूर्वी शिकागोतून, सामना अर्धा टाकून, अ‍ॅम्ब्युलन्समधून रुग्णालयात न्यावं लागलं होतं. तो त्या रात्री बर्फावर उतरला आणि १७ मिनिटं ४५ सेकंद खेळला.

सामना संपल्यावर त्याने पत्रकारांना यादी सांगितली. एक बरगडी मोडलेली, बरगडीची कूर्चा आणि स्नायू फाटलेले, खांदा निखळलेला. तिथून तो थेट रुग्णालयात गेला आणि तिथे यादी आणखी लांबली. फुफ्फुसाला छिद्र पडलं होतं आणि फुफ्फुस आकसलं होतं.

ही हकिकत गेली दहा-बारा वर्षं एकाच सुरात सांगितली जाते. वाघाचं काळीज, संघासाठी जीव ओवाळणं वगैरे. बर्जेरॉनच्या धैर्याबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण हे प्रकरण नीट उलगडून बघितलं तर धैर्य हा त्यातला सगळ्यात कमी वादाचा भाग निघतो. त्याने खेळावं हे ठरलं कसं, ठरवणाऱ्यांच्या हातात कोणती माहिती होती आणि वेदना थांबवण्याच्या उपायाने त्याच माहितीचं काय केलं, खरी गंमत तिथे आहे. गंमत हा शब्द इथे बरा नव्हे, पण चालवून घ्या.

आधी खेळाबद्दल थोडं

आपल्या डोळ्यांपुढे हॉकी म्हटलं की ध्यानचंद, टर्फ आणि अकरा खेळाडू येतात. इथली हॉकी बर्फावरची. गोलरक्षक धरून सहा जण, पायात स्केट, हातात काठी आणि रबराची जड चकती, जिला पक म्हणतात. पक ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक मारणं नियमात बसतं. वेग इतका असतो की खेळाडू एका दमात साधारण पाऊण मिनिट खेळतो आणि धापा टाकत बाकावर येतो. त्या पाऊण मिनिटाला शिफ्ट म्हणतात. बदली खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात. म्हणजे १७ मिनिटं ४५ सेकंद म्हणजे सलग खेळ नव्हे, तर वीस-पंचवीस वेळा उठायचं, जीव तोडून पळायचं आणि परत यायचं.

नॅशनल हॉकी लीगचे प्लेऑफ म्हणजे चार फेऱ्या. प्रत्येक फेरी सात सामन्यांची, चार जिंकणारा पुढे. कप हवा तर सोळा विजय लागतात. एक दिवसाआड सामना आणि हे सगळं दोन महिने. २०१३ साली मालकांनी खेळाडूंविरुद्ध केलेल्या टाळेबंदीमुळे हंगामच १९ जानेवारीला सुरू झाला होता. एरवीचे ८२ सामने ४८ वर आणले होते आणि ते दाटीवाटीने कोंबले होते. जूनच्या अखेरीस पोचेपर्यंत दोन्ही संघांत धड अंगाचा माणूस सापडणं कठीण होतं.

शिकागोकडे बघा. मारियन होसाच्या पाठीच्या मणक्यातली चकती सरकून नसेवर दाब येत होता, त्याला पायाला नीट संवेदना नव्हती आणि अंतिम मालिकेतला एक सामना त्याने बाहेर बसून काढला. मिखाल हांझुश मोडलेल्या मनगटानिशी आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना खेळला. ब्रायन बिकेलचा गुडघा गेलेला. बोस्टनच्या नेथन हॉर्टनचा खांदा पहिल्याच सामन्यात निखळला आणि पुढची सगळी मालिका तो तसाच खेळला, शस्त्रक्रिया नंतर. म्हणजे बर्जेरॉन हा त्या बर्फावरचा एकमेव जखमी नव्हता. त्याच्या यादीत फुफ्फुस आलं म्हणून तो लक्षात राहिला.

मालिका आणि शरीर

बर्जेरॉन तेव्हा २७ वर्षांचा, क्युबेकचा, २००३ पासून बोस्टनकडे. गोल करण्यापेक्षा गोल होऊ न देणारा आक्रमक म्हणून त्याची ख्याती. अशा खेळाडूसाठी असलेली सेल्की ट्रॉफी त्याने कारकिर्दीत सहा वेळा जिंकली, हा विक्रमच आहे. त्या वर्षीच्या पहिल्या फेरीत टोरोंटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात ब्रुइन्स शेवटच्या सत्रात ४-१ ने मागे होते. ५१ सेकंद उरले असताना बरोबरीचा गोल बर्जेरॉनचा आणि ओव्हरटाइममधला विजयी गोलही त्याचाच. म्हणजे हा माणूस संघात असणं-नसणं याला काय किंमत होती ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती किंमत पुढच्या निर्णयाच्या तराजूत पडली होतीच.

अंतिम मालिकेचा पहिलाच सामना तीन ओव्हरटाइमपर्यंत गेला. दुसरा ओव्हरटाइममध्ये, चौथाही ओव्हरटाइममध्ये. बरगड्यांचं दुखणं मालिका पुढे सरकली तसं वाढत गेलं. २२ जूनला शिकागोत पाचव्या सामन्याच्या दुसऱ्या सत्रात त्याने जेमतेम एक-दोन शिफ्ट खेळल्या आणि तो आत निघून गेला. पानथरीला मार बसला असावा अशी शंका आली. डाव्या बरगड्यांच्या आड पानथरी असते आणि ती फाटली तर पोटात रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. म्हणून रुग्णालय. पानथरी शाबूत निघाली.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं, कारण या क्षणापर्यंत सगळं चोख झालं होतं. खेळाडूने खेळ थांबवला, डॉक्टरांनी सगळ्यात वाईट शक्यता आधी धरली, तपासणी केली आणि ती शक्यता खोडून काढली. पण मोठ्या भीतीतून सुटका झाली की उरलेली दुखापत लहान वाटायला लागते, हा माणसाच्या मनाचा जुना खेळ आहे. पानथरी ठीक आहे, ‘नुसती’ बरगडी आहे. हा ‘नुसती’ फार धोक्याचा. बोस्टनला परतायचं, मध्ये एक दिवस आणि मग सामना.

बरगडीच्या बाबतीत नेहमी केला जाणारा युक्तिवाद असा. बरगडीला प्लास्टर घालता येत नाही. आराम केला काय आणि नाही केला काय, ती आपली सहा-एक आठवड्यांत जुळते. खेळल्याने ती फार बिघडणार नाही, फक्त दुखेल. मग दुखणं थांबवलं की प्रश्न मिटला. वरवर बिनतोड वाटतं. खेळाडूही असंच बोलतात, प्रशिक्षकही आणि दबावाखाली असलेले डॉक्टरही.

सुई कुठे जाते

मोडक्या बरगडीचं दुखणं प्रत्येक श्वासाला होतं. आपण बसल्या जागी दम खातो तेव्हाही. शिफ्टच्या शेवटी छाती भात्यासारखी चालते तेव्हा काय होत असेल याचा अंदाज करा. त्यातून बर्जेरॉनचं मुख्य काम फेस-ऑफ. दोन सेंटर समोरासमोर, कमरेत वाकून, काठ्या बर्फाला टेकवून उभे राहतात. पंच पक मध्ये टाकतो आणि अर्ध्या सेकंदात काठीने तो आपल्या माणसाकडे ओढायचा असतो. खालचा हात काठीवर खूप खाली, खांदा समोरच्याच्या खांद्याला भिडलेला, आणि जोर सगळा धडाच्या पिळातून. फासळ्यांमधले स्नायू नेमके तिथेच ताणले जातात. मोडकी बरगडी आणि फाटकी कूर्चा घेऊन हे वेदनेसकट करणं जवळपास अशक्य. म्हणून बधिर करणारं इंजेक्शन, नर्व्ह ब्लॉक.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने एक खाच असते. त्या खाचेतून एक शीर, एक धमनी आणि एक नस एकमेकांना चिकटून जातात. डॉक्टर सुई आधी बरगडीच्या हाडाला टेकवतो, मग हलकेच खालच्या कडेवरून सरकवून काही मिलिमीटर आत नेतो आणि औषध सोडतो. एकच जागा करून सहसा भागत नाही. शेजारच्या नसांचे प्रदेश एकमेकांवर पडतात, त्यामुळे वरच्या आणि खालच्या बरगडीपाशीही टोचावं लागतं. काही तास त्या पट्ट्यातली वेदना गायब होते.

या नसेच्या पलीकडे, आणखी काही मिलिमीटरवर, फुफ्फुसाचं आवरण असतं. सुई तिथवर गेली तर त्याला भोक पडू शकतं. मग हवा फुफ्फुसातून निसटून छातीच्या पोकळीत साठते आणि फुफ्फुस आकसायला लागतं. हा या इंजेक्शनचा पुस्तकात लिहिलेला, माहीत असलेला धोका आहे. सराईत हातात तो क्वचित घडतो, हे खरं. पण ज्याची सुई टोचून झाली त्याने पलंगावर पडून राहायचं असतं, बर्फावर जाऊन शंभर किलोच्या माणसांच्या धडका खायच्या नसतात, हेही खरं.

उलट बाजूने मोडक्या बरगडीचं टोकही फुफ्फुसाला भोसकू शकतं. एरवी त्याला थोडा अटकाव असतो, तो वेदनेचाच. दुखतं म्हणून माणूस त्या बाजूला वाकत नाही, खोल श्वास घेत नाही, स्नायू आखडून हाड जागच्या जागी धरून ठेवतात. बधिर केल्यावर हा पहारा उठतो. पळता येतं, वाकता येतं, आपटताही येतं.

बर्जेरॉनने पुढे रुग्णालयातून सुटल्यावर या दोन्ही शक्यता स्वतःच सांगितल्या. भोक सुईने पडलं असेल किंवा बरगडीने. माझ्या मते या उत्तराने सामन्याआधीचा युक्तिवाद दोन्हीकडून पडतो. ‘खेळल्याने ती फार बिघडणार नाही’ असं म्हणताना हिशेब फक्त बरगडीचा केला होता. सुई असो की हाड, बिघडलं ते शेजारचं.

सहाव्या सामन्यात त्यात खांद्याची भर पडली. कॉलरबोन आणि खांद्याचं हाड जिथे जुळतात तो सांधा निखळला. तरी तो खेळत राहिला. शिकागोची एका गोलाची पिछाडी होती, बोस्टन २-१ ने पुढे, सातवा सामना दिसू लागला होता. शेवटच्या सत्रात १ मिनिट १६ सेकंद उरले असताना बिकेलने बरोबरी केली आणि पुढच्या १७ सेकंदांत डेव्ह बोलंडने विजयी गोल मारला. हो, तोच बिकेल, ज्याचा गुडघा गेलेला होता. शिकागो ३-२, कप शिकागोचा. आपल्याच घरच्या बर्फावर दुसऱ्या संघाला कप उचलताना बघून बर्जेरॉन आत गेला, पत्रकारांशी बोलला. छाती आवळल्यासारखं वाटायला लागलं तेव्हा त्याला रुग्णालयात नेलं. दोन-तीन दिवस तिथे राहून तो घरी गेला.

निर्णय कुणाचा?

बर्जेरॉनचं म्हणणं सरळ होतं. स्टॅन्ली कपची अंतिम मालिका आहे, सगळेच ठेचकाळलेले आहेत, खेळण्यासाठी जे करता येईल ते करायचं, फक्त आपण उतरून संघाचंच नुकसान होणार असेल तर थांबायचं. या वाक्यातली अट वाचा. खेळाडूने स्वतःसाठी आखलेली मर्यादा संघाच्या नुकसानीची आहे, स्वतःच्या नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सहा वर्षांचा असल्यापासून त्या खेळात पोराला हेच शिकवतात. म्हणूनच स्वतःच्या शरीराबद्दलचा शेवटचा शब्द त्याच्याकडे सोपवणं बरोबर नाही, निदान त्या आठवड्यात तरी.

आणि गंमत म्हणजे लीगला हे कळलेलं होतं. अर्धवट कळलेलं.

याच बर्जेरॉनचं उदाहरण घ्या. २७ ऑक्टोबर २००७ ला फिलाडेल्फियाच्या रँडी जोन्सने त्याला पाठीमागून मैदानाभोवतीच्या फळ्यांवर आदळलं. नाक मोडलं, मेंदूला जबर मार बसला. तो अख्खा हंगाम गेला, दहाच सामने खेळून झाले होते. पुढच्या वर्षी डिसेंबरात पुन्हा मेंदूला मार. २०११ च्या प्लेऑफमध्ये तिसऱ्यांदा, त्यातल्या त्यात सौम्य, तेव्हा तो टँपाविरुद्धचे पहिले दोन सामने बाहेर बसला. मग परत आला आणि व्हँकुव्हरविरुद्ध सातव्या सामन्यात दोन गोल मारून कप जिंकून दिला. त्या दोन सामन्यांत बाहेर बसला म्हणून त्याला कुणी भित्रा म्हटलं नाही. का? कारण त्याच वर्षी मार्चमध्ये लीगने नियम कडक केला होता. मेंदूला मार बसल्याची शंका आली की खेळाडूला बाकावर न ठेवता शांत खोलीत नेऊन डॉक्टरने तपासायचं. काही वर्षांनी तर लीगने स्वतःचे निरीक्षक नेमले, जे लांबून पडद्यावर सामना बघून एखाद्याला बाहेर काढायला सांगू शकतात. खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी.

यामागचा विचार साधा आहे. ज्या अवयवाने निर्णय घ्यायचा त्यालाच मार बसलाय, तर त्याचा निर्णय ग्राह्य कसा धरायचा? मेंदूच्या बाबतीत हे सगळ्यांना पटलं. माझा मुद्दा एवढाच की बधिर केलेल्या छातीलाही हाच न्याय लागतो. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न दोन सत्रांच्या मध्ये त्याला विचारला, तर ‘बरं वाटतंय’ हे उत्तर औषध देतंय, छाती नाही. फुफ्फुस आकसायला लागल्याची पहिली खूण त्या बाजूची कळ आणि दम लागणं. कळ बधिर केलेली. दम तर शिफ्टनंतर सगळ्यांनाच लागतो. खेळाडूच्या सांगण्यावर विसंबून हे ओळखायचं कसं?

डॉक्टरांची बाजूही सोपी नाही. संघाचा डॉक्टर संघ नेमतो. २०१३ सालीच झालेल्या खेळाडू आणि मालकांच्या करारात, पगार कुणी का देईना, डॉक्टरचं पहिलं कर्तव्य खेळाडू-रुग्णाप्रति असं स्पष्ट लिहिलंय आणि खेळाडूला दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्कही दिलाय. कागदावर चांगलं आहे. पण शनिवारी रात्री मार लागला, सोमवारी रात्री सामना. मधल्या रविवारी दुसरं मत घ्यायला कोण जातो? आणि रुग्णच जर ‘टोचा’ म्हणतोय, तर कर्तव्य रुग्णाप्रति असलेला डॉक्टर नेमकं काय करणार? रुग्णाची इच्छा आणि रुग्णाचं हित यांची फारकत झाली की करारातलं ते वाक्य मुकं होतं.

जखम लपवायची रीत

मराठी वाचकाला इथे अनिल कुंबळे आठवेल. २००२, अँटिगा, मर्व्हिन डिलनच्या चेंडूने जबडा मोडला, चेहऱ्याला पट्टी बांधून चौदा षटकं टाकली, लाराला पायचीत केलं, मग शस्त्रक्रियेसाठी घरी. तिथे सगळं डोळ्यांपुढे होतं. पट्टी दिसत होती आणि समोरचा फलंदाज काही त्या जबड्यावर आघात करायला येणार नव्हता.

इथे उलटं. जखम कळली की समोरचा संघ तिथेच धडक देणार हे गृहीत धरलेलं असतं, आणि ती धडक नियमात बसते. म्हणून प्लेऑफमध्ये संघ फक्त ‘वरच्या शरीराची दुखापत’ किंवा ‘खालच्या शरीराची दुखापत’ एवढंच सांगतात. बरगडी, खांदा, मनगट, जबडा, सगळं ‘वरचं शरीर’. मालिका संपली की मात्र दुसऱ्या दिवशी यादी बाहेर येते. हे लपवणं खेळाडूच्या भल्याचंच आहे असं म्हणतात आणि ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की जोवर जखम बाहेर येत नाही तोवर निर्णयावर बाहेरचा कुणी बोट ठेवू शकत नाही, आणि बाहेर येते तेव्हा निर्णयाची वेळ गेलेली असते. मग फक्त कौतुकाची वेळ असते.

ती कौतुकाची परंपरा जुनी आहे. १९६४ च्या अंतिम मालिकेत टोरोंटोचा बॉबी बॉन डेट्रॉइटविरुद्धच्या सहाव्या सामन्यात स्ट्रेचरवरून बाहेर गेला, पाय बधिर करून परत आला आणि ओव्हरटाइममध्ये विजयी गोल मारला. पायाचं हाड मोडलेलं होतं. सातवा सामनाही तो तसाच खेळला आणि टोरोंटोने कप नेला. तेव्हापासून प्रत्येक पिढीला ही गोष्ट सांगितली जाते. बर्जेरॉनच्या सामन्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी त्याच्याच संघातल्या ग्रेगरी कॅम्पबेलने पिट्सबर्गविरुद्ध एव्गेनी माल्किनचा जोरदार फटका पायावर झेलला. नडगीशेजारचं हाड मोडलं. संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळत होता आणि बदली करायची संधी मिळेना. कॅम्पबेल एका पायावर पाऊण मिनिटाच्या वर उभा राहून पक अडवत राहिला. गार्डनमधल्या लोकांनी त्याच्या नावाचा गजर केला. तो सामना दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये जिंकून देणारा गोल कुणाचा होता? बर्जेरॉनचा. ज्या खोलीत कॅम्पबेल कुबड्या घेऊन बसलेला आहे, त्या खोलीत ‘माझी बरगडी मोडलीय, मी बसतो’ असं म्हणायला वेगळ्याच प्रकारचं धाडस लागलं असतं.

कॅम्पबेलचा प्रसंग आणि हा प्रसंग मात्र एका मापाने मोजू नयेत. कॅम्पबेलकडे विचार करायला पाऊण मिनिट होतं, बर्जेरॉन आणि त्याच्या डॉक्टरांकडे जवळपास दोन दिवस. पहिला प्रसंग प्रतिक्षिप्त आहे, दुसरा ठरवून केलेला. चर्चा करायची तर दुसऱ्याचीच करायला हवी, आणि होते नेमकी पहिल्याची.

पुढे काय झालं

पुढे सगळं छान झालं, हीच या प्रकरणाची अडचण. जुलैत ब्रुइन्सने बर्जेरॉनशी आठ वर्षांचा ५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. पुढच्या हंगामात तो ८० सामने खेळला, ३० गोल केले, सोचीला कॅनडाकडून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि सेल्की ट्रॉफीही मिळवली. फुफ्फुस भरून आलं, बरगडी जुळली. म्हणजे जुगार लागला नाही, पण पैसे परत मिळाले. असा जुगार लोकांना जुगार वाटत नाही.

ज्यांचं छान झालं नाही त्यांच्याकडेही बघायला हवं. २०११ ला बर्जेरॉनच्या संघाकडून हरलेल्या व्हँकुव्हरचा रायन केस्लर त्या प्लेऑफमध्ये नितंबाचा सांधा दुखावलेला असताना खेळला आणि उन्हाळ्यात शस्त्रक्रियेला गेला. कारकीर्द संपल्यावर, २०२० मध्ये, त्याने उघडपणे सांगितलं की सामन्यांआधी घेतलेल्या केटोरोलॅक या वेदनाशामकाने आपल्या आतड्यांचं वाटोळं केलं. हे औषध आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस देतात, त्याहून जास्त देत नाहीत. एका सामन्याच्या सुईची गोष्ट होते. महिनोन्महिने घेतलेल्या औषधाची होत नाही, कारण त्यात सातवा सामना नसतो.

बर्जेरॉनपुढे तोच प्रश्न दहा वर्षांनी पुन्हा आला. २०२३ मध्ये ब्रुइन्सने ६५ विजय आणि १३५ गुण असा साखळी हंगामाचा विक्रम केला होता, तो कर्णधार होता. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात, ज्याच्या निकालाने कशालाच फरक पडणार नव्हता, त्याच्या पाठीला दुखापत झाली. मणक्यातली चकती सरकली होती. या वेळी तो फ्लोरिडाविरुद्धचे पहिले चार सामने बसला. बोस्टन ३-१ ने पुढे गेलं. पाचव्या सामन्यात तो परतला आणि बोस्टन ओळीने तीन सामने हरून बाहेर पडलं. त्याच्या येण्यामुळे हरले असं म्हणणं मूर्खपणाचं होईल, गोलरक्षणापासून बरंच काही बिघडलं होतं. पण जखमी तारा परतला की संघ उभारी घेतो या समजाला मात्र या दोन मालिकांत आधार सापडत नाही. २०१३ ला तो खेळला, हरले. २०२३ ला तो परतला, हरले. जुलैत, ३८ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याने निवृत्ती जाहीर केली.

त्याच वर्षी फ्लोरिडाच्या मॅथ्यू टकाचकचं छातीचं हाड अंतिम मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात मोडलं. चौथा सामना तो खेळला, सहकाऱ्यांनी त्याला कपडे आणि पॅड चढवायला मदत केली. पाचवा खेळू शकला नाही. म्हणजे दहा वर्षांत डोक्याच्या बाबतीत नियम आणखी कडक झाले आणि मानेखालचं शरीर जिथे होतं तिथेच राहिलं.

काय करता येईल? माझ्या मते फार मोठं काही नको. छातीच्या पोकळीजवळ सुई टोचून बधिर केलेला खेळाडू त्या रात्री खेळणार नाही, एवढा एक नियम पुरे आहे, आणि तो संघाचा नसून लीगचा हवा. संघाचा केला तर पहिल्याच अंतिम मालिकेत मोडला जाईल. एवढंही जमत नसेल तर निदान दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत छातीचा एक्स-रे सक्तीचा करावा. सुट्टी पंधरा-अठरा मिनिटांची असते आणि छातीचा एक्स-रे काढायला तेवढा वेळ लागत नाही. याला खेळाडूंच्या संघटनेचाच विरोध होईल हे मला दिसतंय. आमचं शरीर, आमचा कप, आमचा निर्णय, असं ते म्हणतील. मेंदूच्या नियमाच्या वेळीही कुरकुर अशीच होती आणि त्याच नियमाखाली दोन सामने बसून आलेल्या बर्जेरॉनने २०११ चा कप उचलला होता.